शब्दचर्चा : सेंद्रिय कर्ब – विद्राव्य, विरघळलेला की गाळून उतरलेला?

शब्दवेल्हाळ
माती-पाणी तपासणीच्या एका माहितीपुस्तिकेचं मराठीकरण करतेय. 'डिझॉल्व्ड ऑरगॅनिक कार्बन' आणि 'पार्टिक्युलेट ऑरगॅनिक कार्बन' ही जोडी माती, पाणी, हवा अशा तिन्ही प्रकरणांत येते. पहिल्यासाठी विद्राव्य, विरघळलेला. दुसऱ्यासाठी कणीय, कणरूप, निलंबित, धूलिकणीय असे पर्याय डोळ्यांसमोर आहेत. वाचक म्हणजे शेतकरी गट आणि गावच्या पाणीपुरवठ्याची माणसं. 'कर्ब' लिहू की 'कार्बन', तेही सांगा.

बांधावरून
ताई, 'कर्ब'च ठेवा. माती परीक्षणाच्या कागदावर सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश हीच ओळ असते. दहावीच्या विज्ञानात 'कार्बनी संयुगे' असा धडा आहे, पण तीच पोरं रानात आली की "यंदा कर्ब ०.४ च आलाय" असंच बोलतात.

चंचुपात्र
कर्बाबद्दल वाद नाही. घोटाळा 'सेंद्रिय'चा आहे. सेंद्रिय शेती, सेंद्रिय गूळ, सेंद्रिय भाजी अशी सवय लागल्याने या शब्दाचा अर्थ आता 'रासायनिक नसलेलं' एवढाच उरलाय. मग शेतकरी विचारतो, "मी युरिया टाकतो, मग माझ्या रानात सेंद्रिय कर्ब कसा?" (गंमत म्हणजे रसायनशास्त्राच्या हिशेबात युरिया स्वतःच सेंद्रिय संयुग. १८२८ साली व्होलरने तो प्रयोगशाळेत तयार केला, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत असतेच.)

अहवालातला 'सेंद्रिय' हा रासायनिक खतांच्या विरुद्ध नाही, चुनखडीच्या विरुद्ध आहे. आपल्या दख्खनच्या काळ्या जमिनीत चुन्याचे खडे असतात. त्यावर आम्लाचा थेंब टाकला की फसफसतं, तो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे चुनखडीतही कर्ब आहे, पण तो निरिंद्रिय. त्याचा हिशेब 'मुक्त चुना' या वेगळ्या रकान्यात जातो. कुजलेला पाला, मुळं, शेण, सूक्ष्मजीव यांच्यापासून आलेला कर्ब तेवढा सेंद्रिय. १९३४ पासून चालत आलेल्या वॉकली-ब्लॅक पद्धतीत पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल मातीवर घालतात. चंबू हाताला चांगलाच गरम लागतो. डायक्रोमेट सेंद्रिय कर्बाचं ऑक्सिडीकरण करतं, चुनखडीतल्या कर्बाला हात लावत नाही. उरलेलं डायक्रोमेट मोजून किती खर्ची पडलं ते काढायचं. सगळाच कर्ब यात सापडत नाही, साधारण ७७ टक्के सापडतो असं धरून पुढे गुणक लावतात.

आणखी एक, 'सेंद्रिय कर्ब' आणि 'सेंद्रिय पदार्थ' एकमेकांच्या जागी वापरू नका. कर्बाला १.७२४ ने गुणलं की पदार्थाचा ढोबळ आकडा येतो. ०.५ टक्के कर्ब म्हणजे सुमारे ०.८६ टक्के पदार्थ. खत दुकानांच्या पत्रकांत हे दोन्ही बिनदिक्कत एक केलेले असतात.

बांधावरून
आणि रान काळं म्हणून कर्ब भरपूर, असंही नाही. आमची काळी कसदार दिसते, पण कर्ब बऱ्याचदा ०.५ च्या खाली, म्हणजे 'कमी'. कोकणातल्या तांबड्या जांभ्याच्या जमिनीत तो पुष्कळदा जास्त निघतो. वरच्या १५ सेंटीमीटर थरात हेक्टरी २० लाख किलो माती धरली, तर ०.५ टक्के म्हणजे १० टन कर्ब. एका हंगामात एक-दोन पिशव्या टाकून तो दुप्पट करून देतो म्हणणाऱ्याला हा हिशेब विचारावा.

गाळणकागद
मूळ प्रश्नाकडे येतो. 'विद्राव्य' म्हणजे विरघळू शकेल असं. पोत्यातलं विद्राव्य खत पोत्यात असतानाही विद्राव्यच असतं. नदीच्या पाण्यातला कर्ब आधीच विरघळून बसलाय, म्हणून तिथे 'विरघळलेला'.

पण खरं सांगायचं तर विरघळलाय की नाही, हे कुणी पाहत नाही. पाणी ०.४५ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) गाळणकागदातून ओढतात. खाली उतरेल ते 'विरघळलेलं', वर राहील ते 'कणरूप'. चहा गाळल्यावर कपात रंग उतरतो आणि गाळणीत चोथा राहतो, तसंच. बारीक गाळणी घेतली की विभागणी बदलते. उतरलेल्या पाण्यात विषाणू आणि कलिल (न विरघळता तरंगत राहणारे अतिसूक्ष्म) कणही असतात, ते काही विरघळलेले नसतात. समुद्राचं पाणी तपासणारे बहुधा ०.७ मायक्रॉनचा काचतंतूंचा कागद वापरतात. सेल्युलोजच्या कागदात स्वतःचाच कर्ब असतो, मग वर राहिलेला मोजणार कसा? काचेचा कागद आधी ४५० अंशांच्या आसपास भाजून स्वच्छ करता येतो.

मातीत हिशेब निराळा. दोन मिलीमीटरच्या चाळणीतून उतरलेली माती मातीचे कण सुटे करणाऱ्या सोडियम हेक्झामेटाफॉस्फेटच्या द्रावणात घुसळतात आणि ५३ मायक्रॉनच्या चाळणीवर धुतात. चाळणीवर मुळांचे तुकडे, काडीकचरा, अर्धवट कुजलेलं पान राहतं. मातीतला 'कणरूप' कर्ब तो हा. खाली जातो तो बहुतांशी चिकणमातीला धरून बसलेला, त्याला 'खनिजाला चिकटलेला कर्ब' म्हणा. म्हणजे 'कणरूप' शब्द एकच, पण पाण्यात तो अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास सुरू होतो आणि मातीत ५३ ला. प्रत्येक प्रकरणात पहिल्यांदा शब्द येईल तिथे माप लिहाच. माती पाण्यात हलवून जो कर्ब काढतात, त्याला मात्र 'पाण्यात विद्राव्य' म्हणायला माझी हरकत नाही.

कोपऱ्यातला
'निलंबित सेंद्रिय कर्ब' वाचून आमच्या पाणीपुरवठ्यातले लोक विचारतील, चौकशी कधी बसणार?

शब्दवेल्हाळ
😀 'निलंबित' बाद. हवेचं काय? वर्तमानपत्रांत सरसकट 'सूक्ष्म धूलिकण' असतं.

चंचुपात्र
तिथे 'धूलि' नकोच. पीएम २.५ मध्ये, म्हणजे हवेतल्या २.५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कणांत, रस्त्याची धूळ थोडी असेलही, पण चुलीचा, डिझेलचा, जाळलेल्या पाचटाचा धूरही असतो. त्यातला कर्ब धूळ नाही. 'हवेतील कणरूप सेंद्रिय कर्ब' लिहा. काजळीचा, म्हणजे ब्लॅक कार्बनचा, रकाना वेगळा ठेवा. दोन्ही एकाच धुरातून येतात, पण काजळी प्रकाश जोरात शोषते आणि सेंद्रिय भाग बराचसा विखुरतो. 'काळा कर्ब' म्हटलं तर बांधावरून यांच्या काळ्या रानाशी गल्लत होईल, 'काजळी' कुणालाही कळते.

कोपऱ्यातला
एवढ्यापेक्षा डीओसी, पीओसी ही इंग्रजी लघुरूपंच ठेवून द्या की.

गाळणकागद
तक्त्यात ठेवा, मजकुरात नको. पाणीवाल्यांसाठी तर उलगडून सांगायलाच हवं. विरघळलेला सेंद्रिय कर्ब जास्त असलेल्या पाण्यात क्लोरीन टाकलं की ट्रायहॅलोमिथेन ही आरोग्याला अपायकारक मानली जाणारी संयुगं तयार होतात, हे १९७४ साली रॉटरडॅमच्या पाण्यावर काम करणाऱ्या रूक यांनी दाखवलं. पाणी निवळशंख दिसतंय म्हणून कर्ब नाही, असं पंपावरच्या माणसाला वाटू नये.

शब्दवेल्हाळ
मग पाण्याच्या तक्त्यात असा मथळा टाकते : 'विरघळलेला सेंद्रिय कर्ब (०.४५ मायक्रॉनमधून गाळून), मि.ग्रॅ. प्रति लिटर'. चालेल?

गाळणकागद
चालेल. फक्त 'गाळून'नंतर 'उतरलेला' घाला, नाहीतर गाळून काढून टाकलेला असाही अर्थ लागतो.