प्रतिसाद : वेल कसा चढतो, हे आधी पाहावे

सांगलीतील घराच्या पश्चिमेकडील कुंपणभिंतीवर कोणता वेल लावावा, या प्रश्नावर वर बहुतेकांनी बोगनवेल आणि मधुमालती सुचवली आहे. नावांबद्दल माझे दुमत नाही. परंतु वेल कशाच्या बळावर चढतो, हे पाहूनच आधार निवडावा. कृष्णकमळ, कारले, दोडका हे तणाव्यांनी, म्हणजे वेटोळे घालणाऱ्या बारीक तंतूंनी, आधार धरतात आणि त्यांना बारीक तार किंवा सुतळीच मानवते, जाड खांबाला तणाव्याचा वेढा बसत नाही. गोकर्ण खोडानेच विळखा घालते. बोगनवेल मात्र काट्यांच्या आधाराने नुसती रेलते, त्यामुळे तिच्या फांद्या वेळोवेळी बांधाव्याच लागतात.

आपल्याकडील काळी माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून भिंतीपासून फूटभर अंतर सोडून खड्डा घ्यावा व त्यात मुरूम आणि कुजलेले शेणखत मिसळावे. आधारासाठी नवी जाळी घेण्याआधी तासगाव-मिरज भागात जुन्या द्राक्षमांडवाची तार मिळते का, याची चौकशी जरूर करावी. ती भिंतीपासून तीन-चार इंच पुढे ताणली, की मागून हवा खेळते आणि गिलावाही ओला राहत नाही.

माझे मत विचाराल तर मधुमालती. संध्याकाळी पांढरी उमलणारी तिची फुले पुढे गुलाबी आणि मग लाल होत जातात, त्यामुळे एकाच घोसात तिन्ही रंग दिसतात. मात्र ती फार पसरते. बहर ओसरल्यावर छाटणी टाळू नये.