मदत हवी आहे: ब्लूग्रास मेंडोलिन कुणाकडे शिकावं?
मंडळी, ब्लूग्रास या अमेरिकन लोकसंगीताच्या शैलीत वाजवणारा डेल मॅककौरी बँड ऐकणारं इथे कुणी आहे का? १९६३ मध्ये बँजोवादक डेल हा ब्लूग्रासचा जनक मानल्या जाणाऱ्या बिल मन्रोकडे गेला, पण मन्रोनं त्याच्या हाती गिटार दिली आणि गायला उभं केलं. पुढे डेलच्या स्वतःच्या बँडमध्ये मुलगा रॉनी मेंडोलिनवर आला; धाकटा रॉब आधी बेसवर, मग बँजोवर. (बापाचं सुटलेलं वाद्य पोरानं उचललं!)

मला वेड लावलंय रॉनीनं. मेंडोलिनच्या तारा व्हायोलिनसारख्याच लावतात, मग पुण्यात पाश्चात्त्य व्हायोलिन शिकवणाऱ्यांकडे सुरुवात केली तर चालेल का? डावा हात तयार होईल, पण पिकनं (तारा छेडायच्या छोट्या पट्टीनं) मारायचा तो तालाचा तुटक ठोका, म्हणजे ‘चॉप’, कोण शिकवणार? ऑनलाइन शिकलेल्यांनी जरूर सांगा.