उन्हात गडावर पायी जाणारे वेडे नाहीत

गिरणाकाठ: ‘साधा हिशोब’ यांनी काल लिहिलं की चैत्रात धुळ्या-जळगावहून सप्तशृंगी गडाला पायी जाणारे वेडे आहेत. पारा ४२ च्या पुढे, एसटी ज्यादा गाड्या सोडते, मग पाय कशाला भाजून घ्यायचे? सोपी वाट असताना अवघड धरणारा एकतर अडाणी, नाहीतर कौतुकाचा भुकेला, असं त्यांचं मत. रात्रभर डोक्यातून गेलं नाही.

मी दरवर्षी जातो. धुळं सोडलं की मालेगाव, देवळा, कळवण, नांदुरी. कौतुक कोण करणार, सोबतच्या प्रत्येकाच्याच तळपायाला फोड असतात. गडावर २०१८ पासून ट्रॉली आहे, तरी चालत आलेले कितीतरी जण पायऱ्याच धरतात. वर्षभर जे सोसतो ते दुसऱ्याने लादलेलं असतं. साहेबाचा राग, बहिणीच्या लग्नाचं कर्ज, आटलेली विहीर. हा एकच त्रास असा आहे की ‘नाही’ म्हणायची मुभा असताना मी ‘हो’ म्हणतो. चार दिवस का होईना, मी कुणाच्या हुकमाने दमलेलो नसतो. यात अडाणीपणा कुठे आला?

साधा हिशोब: माझा आतेभाऊ असाच ‘हो’ म्हणून निघाला होता. पहाटेच्या अंधारात मागून पिकअप आली. आज तो पाय ओढत चालतो आणि घर आत्या चालवते. तुम्ही ‘हो’ म्हणता, निस्तरतं घर. हे बोललं की लगेच श्रद्धा दुखावते.

यावलचा केळीवाला: हौसेचा त्रास पोट भरलेल्याला सुचतो भो. आमच्या बागेत या. सीएमव्ही (केळीवरचा विषाणूचा रोग) आला की पोरासारखं वाढवलेलं झाड उपटून बांधाबाहेर फेकावं लागतं. मे महिन्यात वावधन (वादळी वारा) सुटलं की निसवलेली, म्हणजे घड बाहेर पडलेली बाग तासाभरात आडवी. हे आम्ही निवडलंय का?

अमळनेरची मास्तरीण: निवडलंयच की, दादा. मका लावा, हरभरा लावा. केळी लावा असं तुम्हाला कोणी सांगितलं?

यावलचा केळीवाला: ताई, शाळेत बसून शेती शिकवू नका. ठिबक टाकलेलं आहे, टिश्यू कल्चरची (प्रयोगशाळेत वाढवलेली) रोपं आगाऊ बुक आहेत, मका लावून हप्ते फिटतील का? आणि पीकविमा! बाग माझी आडवी होते, वारा मोजतात महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर. तिथे आकडा भरला नाही तर माझं नुकसान झालंच नाही. वर नुकसानीची खबर ७२ तासांत द्या. त्या तीन दिवसांत मी फोन लावत बसू की पडलेले घड उचलू?

रावेरकर: बरोबर. भावाचंही तेच. बऱ्हाणपूरच्या केळी बाजाराच्या फलकावर एक भाव, बांधावर व्यापारी दुसराच सांगतो. जळगावच्या केळीला २०१६ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, सत्कार झाले. त्यातला एक रुपया क्विंटलमागे वाढून आला का, सांगा.

गिरणाकाठ: धागा केळीचा नाही.

यावलचा केळीवाला: मग तुझ्या फोडांचा आहे का? खानदेशात राहून केळी-कापसाबद्दल बोलायचं नाही?

अमळनेरची मास्तरीण: बोला, पण खरं बोला. माझं सांगते. दोन लेकरं झाल्यावर मुक्त विद्यापीठातून बीए केलं. सासूबाई म्हणायच्या, तुला कमी काय आहे? काहीच नव्हतं. कंदिलाची वात बारीक करून, सगळे झोपल्यावर वाचायचे. नापास झाले असते तर कुणाचं काही बिघडलं नसतं. म्हणूनच केलं. घरातलं बाकी सगळं मी न केल्याने बिघडायचं. दादा, हप्त्यांचं मान्य. पण पहिल्यांदा केळी लावली तेव्हा हप्ते नव्हते ना? मग का लावली?

यावलचा केळीवाला: वडील ज्वारी-कापूसच करायचे. केळी आपल्याला झेपायची नाही म्हणायचे. मला ते पटलं नाही. बाग एकसारखी निसवली की बांधावरून हलावंसं वाटत नाही, एवढं खरं. पण याला हौस म्हणू नका. यात माझी जमीन गहाण आहे.

साधा हिशोब: म्हणजे वडिलांना दाखवून द्यायचं होतं. मी तेच म्हणतोय.

यावलचा केळीवाला: वडील माझी पहिली कापणी बघायला राहिले नाहीत. समजून न घेता लिहू नकोस.

साधा हिशोब: माफ करा. हे माहीत नव्हतं. पण गिरणाकाठ, अंधारात हायवेवर चालू नका, एवढं तरी कबूल करा.

गिरणाकाठ: कबूल. यंदा आमच्या गटात सगळ्यांना चमकणारे पट्टे देतो, आणि वाहनं समोरून दिसतील अशा उजव्या कडेने चालू. ‘अडाणी’ मागे घ्या.

साधा हिशोब: ‘अडाणी’ मागे घेतो. ‘कौतुकाचे भुकेले’ घेत नाही. डीजे लावून निघणारे गट मी दरवर्षी पाहतो.

गिरणाकाठ: त्यांच्यावरून आम्हाला मोजू नका. आमच्यात एक सत्तरीची आजी आहे, तिच्याकडे मोबाईलसुद्धा नाही.

रावेरकर: विम्याचा वेगळा धागा काढतोय. ज्यांची ७२ तासांची खबर नाकारली गेली त्यांनी तिथे लिहा.