काजूगराची फूट कमी करायची आहे, मजुरीची पद्धत कशी ठेवावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

डिचोली तालुक्यात आमचा छोटा काजू कारखाना आहे. फोडणी, सोलणी आणि प्रतवारीवर २२ बायका. आयएसओ ९००१:२०१५ (गुणवत्ता व्यवस्थापनाचे आंतरराष्ट्रीय मानक) चे प्रमाणपत्र सध्या नको, पण त्यामागची गुणवत्ता व्यवस्थापनाची ७ तत्त्वे, विशेषतः पुराव्यावरून निर्णय आणि कामगारांचा सहभाग, मनापासून राबवायची आहेत.

काजूगराची डब्ल्यू ३२० ही प्रत म्हणजे पौंडाला ३०० ते ३२० अख्खे गर. गर फुटला की भाव पडतो. तीन महिने प्रत्येक टप्प्यावरचे तुकडे वेगळे तोलले, पॅरेटो आलेख (सर्वांत मोठे कारण आधी, मग उतरत्या क्रमाने बाकीची) काढला. सर्वाधिक फूट सोलणीत. पुन्हापुन्हा 'का' विचारल्यावर दोन कारणे सापडली. पावसाळ्यात गर नीट सुकत नाही, साल चिकटून राहते. ओव्हनचा वेळ वाढवून त्यात फरक पडला (फार सुकवला तर गर ठिसूळ होतो, म्हणून तिथे हात आखडता ठेवलाय).

दुसरे कारण मजुरी. ती किलोवर, म्हणून हात घाईत चालतो. अख्ख्या गरावर बोनस ठेवला, तर तुकड्यांची नोंदच कमी होऊ लागली. यात बायकांचा दोष मी मानत नाही, योजनाच चुकली.

कुणाची कमाई घटता कामा नये. नोंदी वहीतच होतात, सल्लागार परवडणार नाही. रोजंदारीवर जायचे तर उत्पादन टिकेल का, ही भीती आहे.

किलोवरची मजुरी बदलून कुणी फूट खरोखर कमी केली आहे का? बोनस एकेकीला द्यावा की पूर्ण गटाला, आणि बायका तुकडे न लपवता सांगतील अशी नोंद कशी ठेवलीत?