लघुप्रबंध: चारशे सभासदांतून नमुना कसा निवडावा?

गोदाकाठ:
नमस्कार. व्यवस्थापनशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या सत्रासाठी मी लघुप्रबंध लिहीत आहे. निफाड तालुक्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीचे 400 सभासद असून त्यांतील बरेच जण आपला कांदा कंपनीला न देता व्यापाऱ्याला किंवा बाजार समितीत विकतात. असे का होते, हा माझा विषय आहे. नमुन्याचा आकार ठरवण्याच्या यामाने यांच्या सूत्रानुसार पाच टक्के त्रुटी धरल्यास 200 जणांचा नमुना पुरतो. हंगामात संकलन केंद्रावर येणाऱ्या सभासदांकडून प्रश्नावली भरून घेण्याचा विचार आहे. मार्गदर्शकांनी ‘नमुन्याचे समर्थन करा’ एवढाच शेरा दिला आहे. ते कसे लिहावे?

आकडेमोड:
आकडा बरोबर आहे, पण नमुना नव्हे. हे सूत्र प्रत्येक सभासदाच्या निवडीची संधी समान आहे असे धरून चालते. संकलन केंद्रावर कोण येणार? जो कंपनीला कांदा देतो तो. ज्याने लागवडीच्या वेळी व्यापाऱ्याकडून उचल घेतली आणि म्हणून ज्याला माल तिकडेच घालणे भाग आहे, तो तिथे फिरकणारच नाही. म्हणजे तुमच्या प्रश्नाचे उत्तर ज्यांच्यापाशी आहे, नेमके तेच बाहेर राहतील. 200 ऐवजी 350 प्रश्नावल्या भरल्या तरी हा दोष जात नाही.

कंपनीला सभासदांची नोंदवही कायद्यानेच ठेवावी लागते. ती खरेदीच्या नोंदींशी ताडून पाहा आणि सगळा माल देणारे, थोडा देणारे व अजिबात न देणारे असे तीन गट पाडून प्रत्येकातून यादृच्छिक (चिठ्ठ्या काढाव्यात तशी) निवड करा. तिसरा गट लहान निघाला, तर त्यातील सर्वांनाच भेटा. मार्गदर्शकांना हवे असलेले समर्थन यातच येईल.

पायवाट:
वरील मताशी सहमत आहे. मात्र उचलीबद्दल कोणी पाच पर्यायांच्या प्रश्नावलीत खरे सांगेल असे मला वाटत नाही, कंपनीचा कर्मचारी शेजारी उभा असताना तर नाहीच. तिसऱ्या गटातील काहींच्या मुलाखती त्यांच्या घरी किंवा शेतावर घ्याव्यात.

जाता जाता: कायद्याविषयीचा मजकूर जुन्या प्रबंधांतून उचलू नका. त्यांत 1956 च्या कंपनी कायद्यातील 2002 ची तरतूद असते. 2020 च्या दुरुस्तीनंतर उत्पादक कंपन्यांसाठी 2013 च्या कायद्यात स्वतंत्र प्रकरण आहे. शिवाय विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार इतरांच्या लेखनाशी दहा टक्क्यांपर्यंतचेच साम्य दंडाविना चालते.

गोदाकाठ:
आभारी आहे. नोंदवही पाहायला मिळेल, पण खरेदीच्या नोंदी देण्यास व्यवस्थापन नाखूष आहे.

आकडेमोड:
रक्कम आणि दर मागूच नका. प्रत्येक सभासदापुढे गेल्या दोन हंगामांत माल ‘पूर्ण’, ‘अंशतः’ की ‘नाही’ एवढीच खूण त्यांच्याच लेखनिकाकडून करून घ्या, आणि प्रबंधात नावांऐवजी क्रमांक वापरण्याची लेखी हमी द्या.