शनिवार, मंडई आणि दाण्याचं कूट

प्रेषक: छोटूची आई, सध्या मुक्काम कोथरूड
बुधवार, रात्री 9.40

नमस्कार मंडळी,

शनिवारी मुलांना पुण्याच्या मंडईत भाजी खरेदीला न्यायचं ठरलेलं आहे. सकाळी साडेआठ, मेट्रोच्या जिन्यापाशी, मुलं अकरा. त्यावर परत चर्चा नको. प्रश्न नंतरच्या जेवणाचा आहे. काकूंनी सगळ्यांना पेठेत बोलावलंय, मुलं जी भाजी आणतील तीच करायची असं ठरवलंय, आणि मुलांच्या चिठ्ठ्यांवर वांगी लिहूनही झाली आहेत. मेनू कळला: भरली वांगी, काकडीची कोशिंबीर, पोळ्या, वरणभात, शिकरण.

छोटूला शेंगदाणा चालत नाही. आवडत नाही असं नव्हे, चालत नाही. गेल्या वर्षी इथल्या एका हॉटेलात मी तीनदा विचारलं, दाणे नाहीत ना? तीनदा उत्तर आलं, अजिबात नाहीत. पंधरा मिनिटांत याचे ओठ सुजले. नंतर वेटर म्हणतो, "दाणे नव्हतेच मॅडम, कूट होतं."

वांग्यात कूट, कोशिंबिरीत कूट. काय करता येईल? शुक्रवारपर्यंत सांगा. गणपतीतल्या वाटल्या डाळीसारखं व्हायला नको.

---

प्रेषक: पेठेतल्या काकू
बुधवार, रात्री 10.15

अगं, मला फोन करायचास की. सगळ्या गावाला कशाला कळवतेस?

वांगी मी मुद्दाम धरली होती. रविवारी आषाढी, म्हणजे चातुर्मास लागला. मग आमच्याकडे कांदा, लसूण, वांगं चार महिने बंद. शुक्रवारी कांदेनवमी, तेव्हा कांदा संपवायचा, शनिवारी वांगी संपवायची, असा साधा हिशोब होता.

कोशिंबिरीतलं कूट काढते. पण कुटाशिवाय ती कोशिंबीर नव्हे, चिरलेली काकडी आहे एवढं लक्षात ठेव. आणि वाटल्या डाळीचा विषय तू काढलास, मी नाही.

---

प्रेषक: नागपूरची वहिनी
बुधवार, रात्री 10.50

कुटाशिवाय कोशिंबीर होत नाही हे फक्त पुण्यात ऐकलं. काकडी, दही, मीठ, वरून हिंग-मिरचीची फोडणी, झाली कोशिंबीर. पुण्यात एक तर प्रत्येक गोष्टीत कूट नाहीतर साखर. कशात दोन्ही.

---

प्रेषक: पेठेतल्या काकू
बुधवार, रात्री 11.05

साखर चिमूटभरच असते.

---

प्रेषक: बाणेरवाले
गुरुवार, सकाळी 7.20

मुळात पावसात अकरा मुलांना मंडईत नेणं कशासाठी? ॲपवर दहा मिनिटांत भाजी दारात येते, निवडलेली, आणि पाकिटावर सगळं छापलेलं. माझ्या मुलीला विचारलं भाजी कुठून येते, तर म्हणाली, "लाल टीशर्टवाल्या दादाकडून." मला तरी यात काही चूक वाटत नाही.

दुसरं, प्रत्येकी शंभर रुपये रोख द्यायचे ठरलंय. दहाची नाणी देऊ नका, निम्मे भाजीवाले घेत नाहीत.

---

प्रेषक: खजिनदार
गुरुवार, सकाळी 8.00

दहाचं नाणं चलनात आहे. रिझर्व्ह बँकेने अनेकदा खुलासा केला आहे, 2018 साली चौदा प्रकारची नाणी होती आणि सगळी वैध आहेत. मी बँकेतून 110 नाणी आणून ठेवली आहेत. परत करणार नाही.

---

प्रेषक: माजी अध्यक्ष
गुरुवार, सकाळी 8.45

सप्रेम नमस्कार. मंडई फेरी हा उपक्रम माझ्या कार्यकाळात सुरू झाला, याची नव्या कार्यकारिणीने नोंद घेतलेली दिसत नाही. असो. मुलांना आत नेताना नुसती वांगी दाखवू नका. मान वर करून तो अष्टकोनी मनोरा दाखवा. ही इमारत 1886ची, तेव्हा रे मार्केट, गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने. बांधायचं घाटत होतं तेव्हा नगरपालिकेत जोतीराव फुल्यांनी या खर्चाला विरोध केला होता, हाच पैसा शिक्षणावर घाला म्हणून. आणि आज तिचं नाव महात्मा फुले मंडई! हे मुलांना कोण सांगणार? मी सांगू शकतो. दहा मिनिटं पुरतील.

---

प्रेषक: सोनूची आई
गुरुवार, सकाळी 9.10

गेल्या वेळी दहा मिनिटांची चाळीस झाली होती आणि तेवढ्यात मुलांनी सव्वातीन किलो दोडके घेतले होते. दादा, राग नको.

जाता जाता: माझा पितळी सोऱ्या दिवाळीच्या फराळापासून कोणाकडे आहे? पुण्याला येताना परत आणून देईन म्हणाले होते ते कोण?

---

प्रेषक: डॉक्टर मावशी
गुरुवार, दुपारी 1.30

ओपीडी संपवून वाचते आहे. कोशिंबिरीत काय घालायचं यावर सात मेल, आणि मुख्य गोष्ट कोणीच विचारली नाही. काकू, तुमच्याकडे तेल कोणतं?

शुद्ध केलेल्या, म्हणजे पूर्ण रिफाइंड शेंगदाणा तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही. घाण्याच्या तेलात उरतं. घाण्याचं असेल तर कूट वगळून उपयोग नाही, फोडणीतच दाणा आहे.

दुसरं, मिक्सर. चटणीचं जे छोटं भांडं असतं त्याच्या झाकणाच्या रबरात आणि पात्याखाली कूट अडकून बसतं. त्यात खोबरं वाटलंत तरी झालंच.

तिसरं, मंडईत जायला हरकत नाही. दाण्याच्या पोत्याजवळून गेल्याने सहसा काही होत नाही. खाल्ल्याने होतं, किंवा हाताला लागून तोंडात गेल्याने. खारे दाणे कोणी हातावर ठेवले तर घ्यायचे नाहीत, आणि जेवणाआधी सगळ्यांनी साबण लावून वाहत्या पाण्यात हात धुवायचे. सॅनिटायझरने हे प्रथिन जात नाही.

तूरडाळ, मूग, हरभरा यांचं काय, असं आता कोणीतरी विचारेलच. शेंगदाणा त्याच कुळातला असला तरी बहुतेक मुलांना बाकीच्या डाळी चालतात. छोटू रोज वरणभात खातो, म्हणजे त्याला चालतात. आणि त्याची ॲड्रिनलिनची पेनं, म्हणजे त्रास सुरू झाला की लगेच टोचायची इंजेक्शनं? ती कोणाजवळ असणार आहेत?

---

प्रेषक: छोटूची आई
गुरुवार, दुपारी 1.55

दोन्ही माझ्या पर्समध्ये, मावशी. आम्ही राहतो तिकडूनच आणली आहेत.

---

प्रेषक: डॉक्टर मावशी
गुरुवार, दुपारी 2.00

ठीक. गाडीत ठेवून उतरू नकोस आणि फ्रीजमध्येही नको.

---

प्रेषक: बाणेरवाले
गुरुवार, दुपारी 2.40

आमच्या लहानपणी हे असलं काही नव्हतं. डब्यात रोज दाण्याची चटणी. आता संशोधनही तेच म्हणतंय की थोडा थोडा दाणा देत गेलं की सवय होते. वाचलंय मी.

---

प्रेषक: डॉक्टर मावशी
गुरुवार, दुपारी 3.10

अर्धंच वाचलंत. तुम्ही म्हणताय ते लंडनचं, 2015 साली छापलेलं. 640 बाळं होती, चार ते अकरा महिन्यांची. आधी तपासणी करून, ज्यांना चालेल असं दिसलं त्यांनाच दाणा दिला, आणि पाच वर्षांची होईपर्यंत नियमित देत राहिल्यावर ॲलर्जी पुष्कळ कमी झाली. म्हणजे हे ॲलर्जी होऊ नये म्हणून आहे. छोटू सात वर्षांचा आहे आणि त्याला ती झालेली आहे. जिथे उपचार म्हणून देतात तिथे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली मिलिग्रॅममध्ये मोजून देतात. काकूंच्या पंगतीत सवय लावायची नसते.

---

प्रेषक: पेठेतल्या काकू
गुरुवार, दुपारी 4.25

झोप झाली, आता वाचलं.

तेल घाण्याचं आहे. बाटलीतलं तेल या घरात कधी आलेलं नाही. करडईचं आणायला सांगितलं तर तेही त्याच घाण्यावर निघतं. म्हणून शनिवारी फोडणी साजूक तुपाची. अकरा मुलं आणि मोठी माणसं, तूप किती लागेल ते खजिनदारांनी मोजावं, त्यांना मोजायला आवडतं.

मिक्सरचं मात्र अवघड आहे. रविवारी एकादशी, शनिवारी सकाळी मी दाणे भाजून, सोलून, कूट करून ठेवते. खिचडीला घरात नऊ माणसं, वर शेजारच्यांचा डबा. एकादशी दुप्पट खाशी, सगळ्यांनाच माहीत आहे. शनिवारी सकाळी माझ्या ओट्यावर दाण्याची फोलपटं उडत असतात, पंखा लावता येत नाही.

---

प्रेषक: छोटूची आई
गुरुवार, संध्याकाळी 5.00

काकू, मी माझं मिक्सरचं भांडं घेऊन येते ना. आणि एक कढई.

---

प्रेषक: पेठेतल्या काकू
गुरुवार, संध्याकाळी 5.10

माझ्या घरी जेवायला येताना कढई घेऊन येणार?

---

प्रेषक: सोनूची आई
गुरुवार, संध्याकाळी 5.30

भांडणं नकोत. वांग्यात कुटाऐवजी तिळाचं कूट आणि सुकं खोबरं घाला, आमच्या कोल्हापूरकडे करतात, फार छान लागतं. सोऱ्याचं कोणीच बोलत नाहीये.

---

प्रेषक: जुळ्यांचे बाबा
गुरुवार, संध्याकाळी 6.05

तीळ नको! आमच्या धाकटीला तिळाची ॲलर्जी आहे. हे पहिल्यांदाच लिहितोय कारण कोणी विचारलं नव्हतं. अमेरिकेत आता 1 जानेवारी 2023 पासून तीळ हा नववा ॲलर्जन धरतात, पाकिटावर लिहावाच लागतो. इथल्या पाकिटांवर शेंगदाणा असतो, तिळाची खात्री धरवत नाही, म्हणून आम्ही घटकांची पूर्ण यादी वाचतो.

---

प्रेषक: नागपूरची वहिनी
गुरुवार, संध्याकाळी 6.20

मग डाळं आणि खोबरं वाटून घाला. तीळ नाही, दाणा नाही.

---

प्रेषक: डॉक्टर मावशी
गुरुवार, संध्याकाळी 6.30

आणि मसाला कोणता? गोडा ना? गोड्या मसाल्यात तीळ असतो, वहिनी.

---

प्रेषक: नागपूरची वहिनी
गुरुवार, संध्याकाळी 6.32

अगं बाई.

---

प्रेषक: माजी अध्यक्ष
गुरुवार, रात्री 8.00

माझ्या दहा मिनिटांचं काय ठरलं?

---

प्रेषक: पेठेतल्या काकू
गुरुवार, रात्री 9.30

आता माझं ऐका आणि त्यावर मतं देऊ नका.

वांगी रद्द. मी ती शुक्रवारीच करून खाईन, कूट घालून. शनिवारी बटाट्याची सुकी भाजी: तूप, मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, मिरची. मुलांना हळूच काढून ठेवता येईल अशी मोठी मिरची. कोशिंबीर नागपूरच्या पद्धतीने, फोडणीची. वरण साधं, आमटी नाही, म्हणजे गोडा मसाला नाही. शिकरण आहेच. पोळ्यांना तेल लावणार नाही, तूप लावीन. मोहनही तुपाचं.

वाटण कसलंच नाही, म्हणजे मिक्सर लागत नाही. दाणे मी शनिवारी मुलं गेल्यावर संध्याकाळी भाजीन. तीस वर्षांत पहिल्यांदा एकादशीचं कूट संध्याकाळी होणार आहे. कढई नवीन काढते, मुंजीत आलेली, अजून कागदात आहे. तुझी आणू नकोस.

भडंग करणार होते, तेही नाही. मधल्या वेळेला राजगिऱ्याचे लाडू, मीच केलेले, त्यात राजगिरा आणि गूळ यांशिवाय काही नसतं. दुकानातले आणू नका, तिथे चिक्की त्याच परातीत थापतात.

---

प्रेषक: छोटूची आई
गुरुवार, रात्री 10.00

काकू, डोळ्यांत पाणी आलं. खरंच.

म्हणजे आता मुलांच्या चिठ्ठ्या बदलायच्या. वांगी खोडून: बटाटे दोन किलो, काकड्या दीड किलो, केळी दोन डझन, कोथिंबीर दोन जुड्या, कढीपत्ता, आलं पावशेर नको, दहा रुपयांचं. "पावशेर" हा शब्द मात्र मुलांनी भाजीवालीला विचारायचा आणि किती ग्रॅम ते आपणहून शोधायचं. दर विचारून दुसऱ्या गाळ्यावर जायचं, मगच घ्यायचं. कोथिंबीर हुंगून घ्यायची. कापडी पिशव्या प्रत्येकाने आपापल्या आणा, प्लास्टिक मागू नका. आतली फरशी ओली असते, चपला घसरतात, मागचा पट्टा असलेल्या घाला.

मस्तानी प्यायला नंतर कोणी नेणार असेल तर वरचा सुकामेवा कोणता ते मला आधी विचारून सांगा. दादा, तुमची दहा मिनिटं मनोऱ्याखाली, खरेदी झाल्यावर. गजर लावते.

---

प्रेषक: बाणेरवाले
शुक्रवार, सकाळी 7.05

मुलगी मागे लागली आहे. तिला घेऊन येतो. बारा करा. नाणी मलाही लागतील.

---

प्रेषक: खजिनदार
शुक्रवार, सकाळी 7.30

बारा मुलं म्हणजे 120 नाणी. 10 कमी पडतात. बँकेत जातो.

---

प्रेषक: सोनूची आई
शुक्रवार, सकाळी 9.00

सोऱ्या सापडला. सासूबाईंच्या कपाटात होता. कोणाचाही दोष नाही.

---

प्रेषक: पेठेतल्या काकू
शुक्रवार, दुपारी 12.10

छोटूची आई, येताना चार लिंबं आण. आणि यापुढे काही विचारायचं असेल तर फोन कर.