डोळ्याचा माल्ट लिम्फोमा : २ शेक की १२?

निंबोणी : माल्ट लिम्फोमा म्हणजे लसीका पेशींचा सावकाश वाढणारा कॅन्सर. काल इथे कुणी लिहिलं, ‘डोळ्याच्या माल्टला ४ ग्रे किरणांचा डोस, २ शेकांत विषय संपतो. १२ देणारे लुटतात.’ डोकं फिरलं. आईची पापणी उलटली की आत कोलंबीच्या रंगाचा गुबगुबीत पट्टा दिसायचा. बायोप्सीत माल्ट निघाला, स्टेज १-ई, म्हणजे फक्त डोळ्यापुरता. २४ ग्रे, १२ शेक. सहा वर्षं डोळा साफ आहे. ब्रिटनच्या फोर्ट चाचणीत हेच दोन डोस ताडून पाहिले. ५ वर्षांनी त्याच जागी रोग न वाढलेले किती? २४ ग्रेवाले सुमारे ९० टक्के, ४ ग्रेवाले ७०. ही लूट?

काळी_माती : लिहिणारा मीच. फोर्टमध्ये बहुतेक रुग्ण फॉलिक्युलर या दुसऱ्या लिम्फोमाचे होते, तो हिशेब डोळ्याला कसा लावता? अमेरिकेत ह्यूस्टनला फक्त डोळ्याच्या लिम्फोमाचे ५० रुग्ण घेतले, ४५ जणांचा रोग ४ ग्रेवरच पूर्ण गेला. उरला तर वर २० ग्रे देतातच. आणि फोर्टमध्ये जगण्यात फरक पडला का? नाही. तो आकडा बरा गाळलात!

मोडी_वाचक : आधी ‘शेक’ म्हणणं थांबवा. किरणोपचार म्हणा. सासूबाई शेक समजून पापणीला तूप चोळून गेल्या, टेक्निशियनने तिथेच पुसायला लावलं.

पानशेत७२ : आमचे अण्णा ‘रेडिएशन’ ऐकून हिरोशिमावर गेले होते. ‘शेक’ म्हटल्यावर चप्पल घालून तयार.

मोडी_वाचक : म्हणजे खोटं सांगून नेलंत.

पानशेत७२ : तुमच्या शुद्ध मराठीत सांगितलं असतं तर अजून घरीच असते.

निंबोणी : शब्दांची कुस्ती दुसरीकडे खेळा हो! काळी_माती, गेलेला रोग गेलेलाच राहतो का, हे २-३ वर्षांत कळत नाही. माल्ट सावकाश परततो.

काळी_माती : आणि मोतीबिंदू? १२ शेकांवाल्यांचा तो कुणी मोजायचा? वडील नांदेडकडचे. कापूस वेचणीत अडीच आठवडे मुंबईत खोली घेऊन राहायचं, शनिवार-रविवार मशीन बंद, भाडं चालू. २ शेक घेऊन तिसऱ्या दिवशी ते रानात होते.

निंबोणी : मोतीबिंदू झाला. काढला. तुमच्या वडिलांच्या जागी मीही २च घेतले असते, जा. पण ‘लुटतात’ मागे घ्या.

काळी_माती : बरं. ‘सवयीने देतात.’ खूश?

निंबोणी : नाही. थांबा, आईच्या डोळ्यात थेंब घालायचेत. कोरडा पडतो.